जुळलं का

गंगापूर नाक्यावर सुमनबाई खैरनार
मला रोज दोन कांदे निवडून देते.
पांढरे, टणक, मोड न आलेले.
"पिशवीभर नेत नाहीस, फोडणीला म्हणत नाहीस,
करतेस तरी काय गं यांचं?"
तिसऱ्या महिन्यात एकदाचं सांगितलं:
आतल्या पापुद्र्यावर बंदूक झाडते.

हसली. मीही हसले. पण खोटं नव्हतं.
सोन्याची पूड, इतकी बारीक
की सराफ बाजारात तिला कुणी तागडीत घेणार नाही.
तिच्यावर जनुकं चढवायची,
हेलियमच्या दाबाने कांद्यात घुसवायची.
मग रात्रभर अंधार. बावीस अंश.

एक प्रथिन द्राक्षाचं, वेलीची राखण करणारं.
दुसरं केवड्याचं,
दिंडोरीच्या बागेत पानामागे धरलेल्या
पांढऱ्या बुरशीतून काढलेलं.
प्रश्न एवढाच, हे त्याला धरतं का?
जिवंत पेशीत, तिथल्या गर्दीत, ओल्यात.

पेशी फोडूनही बघता येतं. बघितलंय.
पानांचा लगदा करायचा, मण्यांवर एकाला अडकवायचं,
त्याच्याबरोबर कोण ओढलं गेलं ते तपासायचं.
"पण पडलेल्या घरात सगळेच एकमेकांच्या अंगावर असतात,"
क्षेमकल्याणी सर चष्मा कपाळावर ढकलतात,
"त्याला भेट म्हणायचं का?"

म्हणून चकाकणारं तिसरंच प्रथिन मधोमध कापलं.
अर्धं याच्या शेपटाला, अर्धं त्याच्या.
सुटं अर्धुक आंधळं.
ते दोघे जवळ आले, अगदी खेटले,
तरच अर्धुकं एकमेकांत मिटतात
आणि पेशी पिवळी उजळते.

"मग कांदेपोहेच की हे!"
सुमनबाईने शेजारच्या मेथीवालीलाही सांगितलं.
तेव्हापासून दोघी विचारतात,
जुळलं का?

काल पहाटे साडेतीन.
काळ्या पडद्याची खोली, बाहेर सातपूरकडे जाणारा एखादा ट्रक.
निळा प्रकाश सोडला.
विटा रचाव्यात तशा कांद्याच्या पेशी,
आणि एका विटेत
हळदीचं बोट लागावं तसं केंद्रक.
मग दुसऱ्या विटेत. मग मोजत गेले.
चौऱ्याहत्तर.
हात थरथरत होते म्हणून फोटो दोनदा काढले.

मग कंट्रोलची काच सरकवली.
यात केवड्याच्या प्रथिनाचा धरायचा हातच
आम्ही आधी छाटून टाकला होता.
इथे काळोख हवा.
एकोणसत्तर.

तन्वीर पिंजारी खुर्चीतच झोपला होता, तोंड उघडं.
त्याला उठवलं नाही.
उठवून काय सांगणार?
जनुकं जास्त भरली की दाटीवाटीने
अर्धुकं आपापसातच चिकटतात,
मधले दोघे अनोळखी का असेनात.
शिवाय एकदा मिटली की सुटत नाहीत.
ज्यांच्यासाठी मिटली ते कधीच वेगळे झालेले असतील,
उजेड तसाच.

सकाळी नाक्यावर हे सगळं बोलून गेले,
झोप नव्हती म्हणून असेल.
सुमनबाईचा हात कांद्यांवर थांबला.
मग गळ्याशी गेला, काळ्या मण्यांपाशी.
"आमचे हे अकरा वर्षं सुरतेला.
फोन नाही, माणूस नाही.
तुझ्या त्या यंत्राला मी कशी दिसेन गं?"

मला दुसरी पद्धत माहीत आहे.
एक रंग दुसऱ्याला आपला उजेड देतो,
अंतर वाढलं की देणं थांबतं,
आणि ते थांबणंही दिसतं.
त्यासाठीचं यंत्र पुण्याला, नंबर पुढच्या महिन्यात.
हे मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं, आज चार द्या.

तिने चार तोलले.
पाचवा न तोलताच पिशवीत टाकला.
"न जुळणाऱ्याला," म्हणाली,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

वहीत लिहिलं:
डीएनए निम्मा. कांदे पाच.